कन्सील्ड पाइपिंगला (वायरिंगसाठी भिंतीत दडवलेले पाइप) किती वेळ लागेल, हे कसं काढायचं
नुसत्या पॉइंटांवरून (दिवे, पंखे, स्विचच्या जागा) दिवस सांगू नका. खरा वेळ खातं ते झिरी मारणं, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खाच पाडणं. पाइप जोडणं त्यामानाने पटकन होतं. नकाशावर मार्ग आखून मीटर मोजा. पाइप साधारण 3 मीटरचा येतो, त्यावरून नग काढा.

मग भिंती वेगळ्या करा. एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा) झटपट कापला जातो, विटेला जास्त वेळ, काँक्रीटला सर्वांत जास्त. बीम-कॉलम इंजिनिअरला विचारल्याशिवाय कापायचाच नाही. वळसा घालावा लागला की मीटर वाढलेच.

पहिल्या भिंतीवर घड्याळ लावा. समजा, दोन कामगारांच्या जोडीने 4 तासांत 12 मीटर उरकले, तर 90 मीटरना 30 तास. स्विचचे बॉक्स लेव्हलमध्ये बसवणं आणि राडारोडा उचलणं वेगळं धरा. बॉक्सची तोंडं कागद कोंबून बंद करा, नाहीतर प्लास्टरचा माल पाइपात जातो, वायर अडकते आणि पुन्हा फोडाफोडी.