रोसालची पांढरी वाइन आणि समुद्री जेवण: या चुका टाळा

स्पेनच्या वायव्येला, गॅलिसियात, मिन्यो नदी जिथे अटलांटिकला मिळते तिथे ओ रोसाल आहे. नदीपलीकडे पोर्तुगाल. रियास बायशास या १९८८ साली मानांकन मिळालेल्या वाइन प्रदेशाचा हा एक उपविभाग. इथल्या ‘रोसाल’ मिश्र वाइनमध्ये आल्बारीन्यो आणि लोउरेइरो ही द्राक्षं मिळून किमान ७० टक्के असावी लागतात. उरलेल्यात त्रेशादुरा, काइन्यो ब्लांको वगैरे. आल्बारीन्यो खणखणीत आंबटपणा आणि पीचचा वास आणते, तर त्रेशादुरा घोटाला भरीवपणा देते. लोउरेइरोचं नावच लॉरेलच्या (पाश्चात्त्य तमालपत्राच्या) झाडावरून पडलेलं, आणि वासही त्या पानाच्या नि पांढऱ्या फुलांच्या वळणाचा.

पहिली चूक दुकानातच होते. लेबलवर ‘आल्बारीन्यो’ लिहिलं असेल तर आत ते एकच द्राक्ष असतं. मिश्रण हवं असेल तर ‘रोसाल’ हा शब्द शोधा.

दुसरी चूक तापमानाची. फ्रिजमध्ये ४–५ अंशांवर ठेवलेली बाटली थेट ओतली की लोउरेइरोचा वास गायब होतो आणि जिभेवर नुसता आंबटपणा उरतो. मग मिश्रण घेतल्याचा उपयोग काय? ही वाइन ८ ते १० अंशांवर प्यावी. फ्रिजमधून काढून १५ मिनिटं बाहेर ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात १० मिनिटं पुरेत. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, २० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडी पोचू देत नाही. ग्लासात बर्फ टाकू नका, आणि ग्लास एक तृतीयांशच भरा, म्हणजे वाइन कोमट व्हायच्या आत संपेल.

सगळ्यात जास्त नुकसान लिंबू करतं. शिंपल्यांवर लिंबू पिळायची सवय आपल्यालाही आहे, पण इथे लिंबाचं काम वाइनच करते. ताटात आंबट वाढलं की तीच वाइन सपक, पाणचट लागते. म्हणून मसल्स (हा शिंपल्यांचाच एक प्रकार) साधे उकडा: १ किलोला १०० मिली वाइन, एक तमालपत्र, झाकण, मोठी आंच. ३ ते ५ मिनिटांत शिंपले उघडू लागतात. जो उघडेल तो लगेच काढा. सगळे उघडायची वाट पाहिली तर आधीचे रबरासारखे होतात. मीठ घालू नका, त्यांचं स्वतःचं पाणीच खारट असतं. शेवटपर्यंत बंद राहिलेला शिंपला टाकून द्या.

‘पुल्पो आ फेइरा’, म्हणजे उकडलेला ऑक्टोपस, ही या वाइनची खरी जोडी, आणि तो बिघडतोही सहज. ताजा ऑक्टोपस थेट उकळला तर चिवट राहतो. आधी किमान दोन दिवस गोठवा. बर्फाचे कण त्याचे स्नायुतंतू तोडतात. फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. मग उकळत्या पाण्यात तीनदा बुडवून काढा, म्हणजे साल टिकायला मदत होते, आणि नंतर शिजवा. २ किलोला साधारण ४० मिनिटं. सुरी जाड भागात अलगद शिरली की आच बंद करून त्याच पाण्यात १० मिनिटं राहू द्या. कात्रीने सेंटिमीटरभर जाड चकत्या करून उकडलेल्या बटाट्यांवर मांडा. वर खडं मीठ, पिमेंतोन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड) आणि ऑलिव्ह तेल. पिमेंतोन गोड घ्या, तिखट अगदी चिमूटभर. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि वाइन कडवट भासते.

आपल्याकडचे तिसऱ्या नावाचे शिंपले आणि कालवं यांच्याबरोबर ही वाइन घ्यायची असेल तर हेच ध्यानात ठेवा. ओलं खोबरं, आलं, कोथिंबीर चालते. नारळाच्या गोडसरपणाला आंबट घोट छान पेलतो. लाल मिरचीचं वाटण निम्म्यावर आणा आणि कोकम वगळा. सोलकढी मात्र वाइनसोबत नको, दोन्ही आंबट एकमेकांना मारतात.

काही गोष्टी दोष वाटतात, पण नसतात. बुचाला किंवा तळाशी चिकटलेले काचेसारखे कण थंडीने बसलेल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, निरुपद्रवी. पिताना जिभेवर किंचित चुरचुर जाणवली तर ती आंबवणीत उरलेल्या कार्बन डायऑक्साइडची. उघडताच ओढलेल्या काडीचा वास आला तर ग्लास फिरवून दहा मिनिटं थांबा, बहुतेकदा तो जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही. ते बूच खराब, बाटली दुकानात परत करा.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तिसऱ्या दिवसानंतर फुलांचा वास मावळतो, मग उरलेली मसल्सच्या पातेल्यात घाला.