द्राक्षबागेच्या अंगणात पाखरांसाठी कोणती झुडपं लावावीत?

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे कुणाला पाखरांसाठी झुडपं लावा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आणि घडांना चोची मारल्या तर?" शंका रास्त आहे. म्हणून रोप घेताना त्याचं फळ कोणत्या महिन्यात पिकतं ते आधी विचारा. ऑक्टोबरात छाटलेल्या वेलींची द्राक्षं, म्हणजे ऑक्टोबर छाटणीचा माल, जानेवारी ते मार्च गोडीवर येतो. त्याच दिवसांत पिकणारी बोर बागेच्या कडेला लावणं म्हणजे पाखरांना आवतण.

करवंद या हिशेबात बसतं. ते मे-जूनमध्ये काळं होतं, तोवर बाग खाली झालेली असते. काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही, म्हणून बुलबुल तिथे निर्धास्त घरटं करतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या मुरमाड जमिनीत ते आपसूक येतं. काळ्या रानात मात्र बांधाच्या उंचवट्यावरच लावा. पिकलेल्या फळाचं बी काढून लगेच पेरा, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. कढीपत्त्याचंही एखादं झाड पानांसाठी न ओरबाडता मोकळं सोडा, त्याची काळी फळं टिपायला कोकिळा येते. फुलातला मध पिणाऱ्या शिंजीर पाखराला धायटीचं झुडूप पुरतं. धायटीची लाल फुलं ऐन द्राक्षाच्या हंगामात येतात, पण फळ कोरडं.

जास्वंद मी दारातून काढली. शिंजीर येत होता, पण पिठ्या ढेकूण ही पांढरी कीडही तिच्यावरच पोसत होती, आणि तीच द्राक्षाच्या घडात घुसते. तुतीचीही तीच गत. घाणेरी तर लावूच नका. पाखरं बी नेऊन सगळे बांध भरून टाकतात.

मृगाचा पाऊस वीतभर मुरला की दीड फुटाचे खड्डे घ्या, घमेलंभर कुजलेलं शेणखत घाला. कुंपणासाठी दोन झुडपांत चार-पाच फूट अंतर पुरे.

अडुळसा सर्वांत सोपा. फांदी ओल्या मातीत खोचली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत. त्याच्या रुंद पानांत शिंपी पक्षी घरटं करतो, आणि पिलांसाठी दिवसभर अळ्या वेचतो. वरून काहीच दिसत नाही. श्रावणात कात्री लावण्याआधी खाली वाकून बघा. दोन पानांच्या कडा कोळ्याच्या जाळ्याने, कापसाने टाचलेल्या दिसल्या, तर ती फांदी दिवाळीपर्यंत राहू द्या.