घरच्या सँडरची धूळ आटोक्यात कशी आणावी

सँडरला, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राला, जोडलेली कापडी पिशवी जाड भुसा पकडते, पण फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ तिच्या विणीतून निसटते. म्हणून पिशवी काढून तेथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडावी. दोन्ही तोंडांची मापे सहसा जुळत नाहीत आणि नुसती चिकटपट्टी कंपनांमुळे सैल होते, तेव्हा रबरी अडॅप्टर बसवून वरून क्लिप आवळणे उत्तम.

त्यानंतर सँडपेपरची छिद्रे तो जिथे चिकटतो त्या सँडरच्या तळाच्या पॅडच्या छिद्रांशी तंतोतंत जुळवावीत. हे काम क्षुल्लक वाटते, परंतु छिद्रे झाकली गेली की व्हॅक्यूम कितीही शक्तिशाली असला तरी धूळ कागद आणि लाकूड यांच्यामध्येच अडकते, कागद लवकर भरतो आणि पृष्ठभागावर ओरखडे उमटतात. जाळीदार सँडपेपर घेतल्यास ही जुळवाजुळव उरतच नाही, आणि माझ्या मते तो थोडा महाग पडला तरी घ्यावा. हवेची ओढ मात्र बेताचीच ठेवावी, अन्यथा पॅड लाकडाला चिकटून अडखळतो.

व्हॅक्यूमला 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर असावा, नाहीतर ओढलेली धूळ मागून पुन्हा खोलीत येते. सँडर थांबल्यावरही व्हॅक्यूम काही क्षण चालू ठेवावा आणि एवढे करूनही मास्क लावावाच.