शहरातली शाळा आणि गावातली शाळा जोडताय? मग या चुका टाळा

आपल्या नागपुरातल्या चौथीच्या वर्गाची भिवापूर, काटोल नाहीतर देवलापार साइडच्या एखाद्या झेडपी शाळेशी ओळख करून द्यायची, पत्रं पाठवायची, जमलं तर एखादी भेट, असं काही सर-मॅडमच्या मनात असतं. आयडिया चांगलीच आहे. पण जूनच्या शेवटी शाळा उघडताच जोशात सुरू केलेलं हे काम दिवाळीपर्यंत ढेपाळतं, आणि कारणं बघाल तर बहुतेक तीच ती असतात.

सगळ्यात मोठी गडबड पहिल्याच पार्सलात होते. शहरवाले जुने कपडे, वह्या, कंपास भरून पाठवतात, मग तिकडून एकाच साच्यातली पत्रं येतात, "आपण दिलेल्या वह्यांबद्दल आभारी आहोत", सरांनी फळ्यावर लिहून दिलेली. झालं, आता एक देणारा न एक घेणारा, दोस्ती कशाची होते इथून पुढे? पहिलं सत्र भेटवस्तू बंदच ठेवा. त्याऐवजी दोन्हीकडून एकाच मापाचा डबा जाऊ द्या, शाळेपासून शंभर पावलांत जे सापडेल ते त्यात टाकायचं. गाववाल्यांचा डबा पटकन भरतो, कापसाचं बोंड, तुरीची शेंग, पळसाचं पान. शहरातल्या पोट्ट्यांना मात्र डोकं खाजवावं लागतं, कोणी मेट्रोचं तिकीट आणतं, कोणी रसवंतीच्या बाहेर पडलेलं उसाचं चिपाड. ही जी पंचाईत होते ना, ती होऊ द्यायची, मॅडमनी मध्ये पडून डबा भरून द्यायचा नाही.

दुसरं म्हणजे प्रश्न. इथं थोडा जास्त वेळ द्या, कारण सगळा खेळ इथंच बिघडतो. पोरांना नुसतं "प्रश्न लिहा" म्हटलं की शहरातून जातं "तुमच्या गावात लाइट आहे का? तुम्ही बैलगाडीत फिरता का?" आणि गावातून येतं "तुमच्याकडे मॉल आहे का? तुम्ही रोज पिझ्झा खाता का?" दोघंही टीव्हीत पाहिलेलंच एकमेकांना विचारतात, आणि उत्तर काय तर हो नाहीतर नाही. आता लाइटचंच घ्या, गावात लाइट आहे हे पोरगं लिहून पाठवेल, पण पंपाची लाइट रात्री येते म्हणून बाबा रात्री ओलिताला जातात हे तो आपणहून कशाला लिहिणार, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. म्हणून आधी एक तासिका नुसती प्रश्न बनवायला ठेवा. नियम दोनच, उत्तर हो-नाहीत संपायला नको, आणि जो प्रश्न विचारला त्याचं स्वतःचं उत्तर आधी त्याच पत्रात लिहायचं. काल संध्याकाळी पाच ते सात काय केलं? घरात पाणी कुठून येतं आणि कोण भरतं? तुला एकट्याला कुठपर्यंत जाऊ देतात? हा शेवटचा प्रश्न तर जरूर घ्या, गावातलं पोरगं नाल्यापर्यंत, वावरापर्यंत, शेजारच्या टोलीपर्यंत एकटं हिंडत असतं आणि शहरातल्याला गेटच्या बाहेर सोडत नाहीत, मग "बिचारे गावातले" हे आपोआपच कमी होतं.

आणि एक, गावातल्या पोरांनी नागपूर पाहिलंच नाही असं धरून चालू नका. मावशीकडे, लग्नाला, नाहीतर आजीला मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, भरती केलं तेव्हा, पुष्कळ जण येऊन गेलेले असतात. तसंच शहरातल्या निम्म्या पोरांचं मामाचं गाव निघतं कुही-उमरेडकडेच. आधी वर्गात विचारून तर घ्या.

वेळापत्रक शहराच्या सोयीनं आखलं की पत्रं थांबतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यामागून कापसाची वेचणी, काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची संत्री तोडणीला, मायबाप वावरात म्हणून धाकट्याला सांभाळायला पोरगी घरी. त्या काळात उत्तर उशिरा आलं तर "तिकडचे सर लक्ष देत नाहीत" म्हणत रुसून बसू नका. सगळ्यात भारी वेळ म्हणजे पोळा झाल्यावरचा आठवडा. गावात बैलांचा पोळा न झडत्या (पोळ्यात म्हणतात त्या तुकबंद्या), इकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी नंदी, बोजारा (नंदी घेऊन घरोघरी फिरलं की मिळणारे पैसे-खाऊ) किती जमला त्याचा हिशोब आणि वरून मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. दोघांकडेही सांगायला भरपूर असतं, ओढून-ताणून विषय द्यावा लागत नाही.

आकड्यांचं गणित आधी बघा. शहरात वर्गात पन्नास पोरं, तिकडे पंधरा-वीस, एकास एक जोडी जमतच नाही आणि मग तिकडच्या एकेका पोराच्या गळ्यात तीन-तीन पत्रं. शहरातल्या तिघांनी मिळून एकच पत्र लिहायचं, विषय संपला. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांनाच मिळतं, ते उघडं असतं एवढं ध्यानात ठेवा, घरच्या खाजगी गोष्टी त्यावर नको. पत्त्यात तालुका आणि पिनकोड हवाच, एकाच नावाची गावं कमी नाहीत.

तिकडून आलेल्या पत्रात वऱ्हाडी दिसली की लाल पेन काढायचा मोह आवरा. देवलापारकडे काही पोरांच्या घरात गोंडी असते, इकडे उत्तर नागपुरात कितीतरी पोरं घरी हिंदीच बोलतात, सगळ्यांची थोडी ओढाताण आहेच. शुद्धलेखन वहीत तपासा, मित्राच्या पत्रात नको.

व्हिडिओ कॉल? पन्नास पोरं एका मोबाइलसमोर ओरडतात आणि रेंज जाते. त्यापेक्षा चार-चार जणांचे आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटो पाठवायचे तर दोन्हीकडच्या पालकांना आधी विचारा, आणि ते शाळेच्या फेसबुकवर टाकायचे नाहीत.

भेटीचं म्हणाल तर शहरातली बस गावात जाते, हुरडा होतो, बैलगाडीत फोटो, परत. गाववाले मात्र इकडे येतच नाहीत, आणि आलेच तर त्यांना झिरो माइल, अजब बंगला, रमण विज्ञान केंद्र असं पळवतात. जायचं तर दोन्हीकडून जायचं, आणि पाहुण्या पोरांना जोडीदाराच्या वर्गात बसू द्या, त्याच्या गल्लीत जाऊ द्या, डबा सोबत खाऊ द्या. गाडीचा खर्च शहरातल्या शाळेनं केला तरी चालेल, पण पाहुणचार ज्याच्या घरी जाऊ त्याचाच, तिथं शाळेतली खिचडी असली तरी बिस्किटांचे पुडे बाहेर काढू नका.

शेवटी बदल्या. झेडपीच्या गुरुजींची बदली झाली की सगळा पत्रव्यवहार त्यांच्या मोबाइलसोबत दुसऱ्या तालुक्यात जातो. दोन्ही शाळांत दोन-दोन शिक्षकांकडे पत्ते आणि जोड्यांची यादी ठेवा, एक कॉपी मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि जूनमध्ये पहिलं पत्र कोण टाकणार हे एप्रिलमध्येच ठरवून घ्या.