डबे चढवण्याआधी गाडीचा नंबर तपासा

काजूच्या कारखान्यात माल पाठवायचं काम माझ्याकडे आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून काजूगराचे डबे पुण्या-मुंबईला, बेळगाव-हुबळीला जातात आणि गाडी बहुतेक वेळा दलालामार्फत ठरते. पहिल्यांदाच मोठा माल बाहेर पाठवणारे लोक मला विचारतात, की ट्रान्सपोर्टवाला खात्रीचा आहे हे ओळखायचं कसं? ट्रान्सपोर्टवाल्याची चौकशी तर कराच. पण त्याच्या नावाने जी गाडी दारात येईल, तिची चौकशी झाल्याशिवाय एक डबाही चढवू नका. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती, एकाची, गाडी दुसऱ्याची आणि ड्रायव्हर तिसऱ्यानेच पाठवलेला, असं सर्रास चालतं. एखाद्या कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सुरक्षेचा इतिहास आपल्याकडे एका जागी बघायला मिळत नाही. तो गाडीगणिक आपणच काढायचा असतो.

कंपनीपासून सुरुवात करू. जीएसटीच्या पोर्टलवर तिचा नंबर टाका. नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, विवरणपत्रं भरली जातात की नाही, हे तिथे कुणालाही दिसतं. गोव्यातला नंबर 30ने सुरू होतो, महाराष्ट्रातला 27ने, कर्नाटकातला 29ने. ‘आमचं ऑफिस फोंड्याला’ असं सांगणाऱ्याचा नंबर भलत्याच राज्याचा निघाला, तर पत्ता नीट विचारून घ्या. दुसरं, कॅरेज बाय रोड कायदा 2007 प्रमाणे बिल्टी फाडून लोकांचा माल नेणाऱ्याला कॉमन कॅरिअर म्हणून नोंदणी करावी लागते. तो दाखला दहा वर्षांचा असतो. त्याची प्रत मागा. नोंदणी असलेला माणूस ती लगेच पाठवतो.

आता गाडी. गाडी निघण्याआधीच दलालाकडून नंबर घ्या आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. पासिंग (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा आरटीओचा दाखला) कधीपर्यंत आहे, विमा आणि पीयूसी कधी संपतात, हे त्यात कळतं. मी सगळ्यात आधी पासिंग बघते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. दहा वर्षांची गाडी असेल आणि पासिंग संपून दोन महिने झाले असतील, तर बाकीचं काही बघायची गरज नाही, दुसरी गाडी मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कागदांच्या फोटोवर विसंबू नका, तारखा बदललेले फोटो फिरतात. ड्रायव्हरला कागद डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनवर उघडून दाखवायला सांगा.

परमिटच्या बाबतीत गोव्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नॅशनल परमिटची गाडी असेल तर परमिटसोबत त्या वर्षाचं ऑथोरायझेशनही, म्हणजे इतर राज्यांत चालण्याची परवानगीही, चालू पाहिजे. आणि एमएच-07 (सिंधुदुर्ग) किंवा केए-22ची (बेळगाव) गाडी नॅशनल परमिटवर गोव्यातून बाहेर माल नेऊ शकते, पण साखळी शहरात भरून वास्कोत उतरवू शकत नाही. गोव्यातल्या गोव्यात न्यायचं तर गोव्याचीच गाडी घ्या. छोट्या टेम्पोकडे परमिट दिसलं नाही म्हणून लगेच घाबरू नका, माल धरून एकूण वजन 3000 किलोपर्यंतच्या गाडीला ते लागत नाही.

वजनाचा हिशोब आरसीवरच, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच, असतो. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. 16,200मधून 6,000 गेले, तर 10,200 किलो भरता येतात. ‘ताई, अजून दोन टन सहज बसतील’ असं म्हणणारे रोज भेटतात. जादा भरलं तर दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. दंड भरून एक वेळ सुटता येईल, पण पावसाळ्यात धुक्यातून घाट उतरताना त्या जादा दोन टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो.

गाडी आली की कॅबिनच्या आधी चाकांकडे जा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 3218 म्हणजे 2018 सालातला बत्तिसावा आठवडा. आमच्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागातले खनिज वाहणारे कितीतरी ट्रक पावसापाण्यात उभे राहिले. नक्षी नवी दिसते पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या असतात. नख दाबून बघा. जोडचाकांतलं आतलं चाक मोबाईलच्या उजेडात बघा, खराब टायर तिथेच लपवतात. मग चॅसिस नंबर. तो बहुधा उजव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ फ्रेमवर कोरलेला असतो. फडक्याने ग्रीस पुसा आणि शेवटचे पाच आकडे आरसीशी जुळवा. हेच आकडे ई-चलानच्या साइटवर लागतात. एखाद-दुसरं पार्किंगचं चलान मी मनावर घेत नाही. वेग, सिग्नल, जादा भार यांचीच चलानं पुन्हा पुन्हा दिसली, तर ती गाडी परत पाठवते.

ड्रायव्हरचं लायसन्स ट्रान्सपोर्ट गाडीचं आणि चालू आहे का, ते बघा. पण कागद मागण्याआधी चहा द्या आणि विचारा, “दादा, काल रात्री कुठून निघालात?” रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला लगेच भरून घाटात पाठवू नका. आमच्या आवारात खाट आहे, तिथे ड्रायव्हर झोपतात. माल चार तास उशिरा पोचला तर पोचू दे.

शेवटी बिल्टी. गाडीचा विमा मालाला लागू होत नाही, मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा काढावा लागतो. मालाची किंमत लेखी देऊन जादा जोखमीचा दर ठरवला नसेल, तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. 15,000 भाडं असेल तर फार तर दीड लाख, आणि काजूगराची गाडी त्याच्या कितीतरी पट किमतीची. म्हणून फॉरवर्डिंग नोटवर, म्हणजे माल देताना आपण ट्रान्सपोर्टवाल्याला भरून देतो त्या कागदावर, खरी किंमत लिहा. माल हरवला किंवा भिजला, तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावा लावता येत नाही.

वाटेत बेळगावला किंवा कोल्हापूरला माल दुसऱ्या गाडीत चढवणार असतील, तर ई-वे बिलाच्या (जीएसटीखाली माल नेताना काढायच्या ऑनलाइन पासाच्या) भाग ‘ब’मध्ये नवा नंबर भरावा लागतो. तो नंबर बदलण्याआधी तुम्हाला कळवायचं, हे भाडं ठरवतानाच बिल्टीवर लिहून घ्या आणि नंबर आला की पासिंगपासून सगळं पुन्हा बघा.