थंडी ओसरताना अंश-दिवस मोजण्यात होणारी चूक

रात्री अजून गार, दुपार मात्र ऊबदार. या दिवसांत पिकाची किंवा किडीची वाढ अंश-दिवसांवर (वाढीला लागणाऱ्या किमान, म्हणजे पायाभूत, तापमानाच्या वर रोज जमणारी ऊब) मोजत असाल, तर नुसत्या सरासरीवर विसंबू नका.

समजा, पायाभूत तापमान १० अंश आहे. त्याखाली वाढ थांबते. आजचं कमाल १६, किमान ४. सरासरी १०, त्यातून पायाभूत १० वजा, म्हणून वहीत शून्य पडतं. पण दुपारी कित्येक तास पारा १० च्या वर होता आणि तेवढा वेळ अळी वाढतच होती. रात्रीच्या गारठ्याने ती उलटी लहान होत नाही! सरासरी काढताना आपण नेमकं हेच विसरतो, रात्रीची तूट दुपारच्या जमेतून वजा करतो.

दिवसाचं तापमान लाटेसारखं चढतं-उतरतं, म्हणून ते साइन वक्राने मांडता येतं. शिखरापासून तास मोजायचे असतील तर कोसाइन सोयीचा. लाट तीच, फक्त पाव फेरा सरकलेली. २४ तासांत ३६० अंशांचा फेरा, म्हणजे तासाला १५ अंश. वरच्या उदाहरणात शिखर दुपारी २ ला धरलं, तर संध्याकाळी ६ ला ६० अंश होतात. त्याचा कोसाइन अर्धा. कमाल-किमान फरकाचा निम्मा ६, त्याचे अर्धे ३. म्हणजे तापमान १३.

१० च्या वरचा लाटेचा भाग मोजला की त्या दिवसाचे १.९ अंश-दिवस भरतात. असे १० दिवस गेले तर वहीत शून्य आणि प्रत्यक्षात १९. कीड वेळापत्रकाआधी आली असं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळे.

ही पद्धत बास्करव्हिल आणि एमिन यांनी १९६९ मध्ये मांडली. मोबाइलवरच्या तक्त्यात सूत्र एकदाच भरा. सरासरी स, निम्मा फरक अ, पायाभूत तापमान ब. कोन क = (ब − स) ÷ अ याचा व्यस्त साइन, रेडियनमध्ये. मग अंश-दिवस = [(स − ब) × (π ÷ २ − क) + अ × कोसाइन क] ÷ π (π म्हणजे पाय, ३.१४). हे सूत्र फक्त किमान पायाभूत तापमानाच्या खाली आणि कमाल वर असेल तेव्हाच लागतं. किमानही वर असेल तर साधी सरासरीची पद्धत (स − ब) चालते, कमालही खाली असेल तर शून्य.

खरा पारा सकाळी भरभर चढतो आणि रात्रभर सावकाश उतरतो, हे खरं. पण बेरजेला कोणत्या तापमानात किती तास गेले एवढंच लागतं, त्यामुळे या तिरकेपणाने फारसं बिघडत नाही. दिवसाढवळ्या अचानक गार वारा सुटला तर मात्र लाट मोडते. त्या दिवशी तासागणिक नोंदच खरी.

तापमापक सावलीत, साधारण दीड मीटर उंचीवर ठेवा. सकाळी ८ ला वाचलेलं कमाल तापमान कालचं असतं, ते कालच्याच ओळीत लिहा. आणि किती अंश-दिवसांना फवारायचं हा आकडा ज्या तक्त्यातून घेता, तो सरासरीवर बेतलेला आहे की साइनवर, हे आधी पाहा. तो सरासरीवर बेतला असेल, तर तुमची मोजणीही सरासरीनेच करा.