पांढऱ्या भुकटीचे गूढ: गुणधर्मांच्या आधारे वर्गात तपास कसा घडवावा

मीठ, साखरेची पूड, खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लोअर आणि प्लास्टर ऑफ पॅरिस या पाच भुकट्या एकसारख्या वाट्यांत ठेवल्या, तर नुसत्या नजरेने त्या ओळखणे मोठ्यांनाही अवघड जाते. नेमक्या याच अडचणीवर वर्गात एक लुटुपुटीचा तपास उभा करता येतो. शाळेच्या कपाटातून चषक नाहीसा झाला असून कपाटाखाली चिमूटभर पांढरी भुकटी सांडलेली आहे, अशी कल्पना करावी. संशयित पाच असावेत आणि प्रत्येकाचा त्याच्या कामामुळे एकेका भुकटीशी रोजचा संबंध असावा, म्हणजे भुकटी ओळखली की संशयितही ओळखला जाईल. साधारण पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी हा तपास योग्य असून त्याला सलग दोन तासिका लागतात.

गोष्ट रचताना दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. संशयित पूर्णपणे काल्पनिक असावेत. वर्गातील कोणत्याही मुलाला, खेळ म्हणूनही, चोर ठरवू नये, कारण खोटा आरोपसुद्धा मुलांच्या तोंडी बरेच दिवस राहतो. दुसरे असे की, गोष्टीतील एखाद्या सूचक वाक्यावरून उत्तराचा अंदाज बांधता येऊ नये. पाचही जणांना चषक हवासा वाटण्याचे कारण सारखेच असेल आणि पाचही जण त्या वेळी आसपास असतील, तर विद्यार्थ्यांना भुकटीची परीक्षा करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे साधले नाही, तर हुशार मुले पहिल्या पाच मिनिटांत गोष्टीवरूनच निकाल देतात आणि पुढचे प्रयोग केवळ उपचार म्हणून उरतात.

तयारी

प्रत्येक गटासाठी प्रत्येक ज्ञात पदार्थाचे सुमारे पाच ग्रॅम आणि ‘घटनास्थळावरील’ अज्ञात भुकटीचे तेवढेच प्रमाण पुरेसे होते. ज्ञात नमुन्यांवर पदार्थांची नावे लिहावीत, अज्ञात नमुन्यावर मात्र फक्त क्रमांक लिहावा आणि कोणत्या क्रमांकाखाली कोणता पदार्थ आहे, याची नोंद बंद पाकिटात ठेवावी. बाकीचे साहित्य साधे आहे: पाणी, व्हिनेगर, आयोडीनचे विरल द्रावण, लाल व निळा लिटमस कागद, ड्रॉपर, भिंग, पारदर्शक पेले, प्लास्टिकच्या छोट्या वाट्या आणि भरपूर चमचे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनच्या एका भागात पाण्याचे सुमारे दहा भाग मिसळले की चाचणीसाठी पुरेसे फिकट तपकिरी द्रावण तयार होते.

चमचे ‘भरपूर’ म्हणण्यामागे कारण आहे. खाण्याच्या सोड्यात बुडवलेला चमचा न पुसता मिठात गेला, तर मिठावर व्हिनेगर टाकल्यावरही थोडे बुडबुडे येतात आणि मग सगळी तर्कशृंखलाच चुकीच्या दिशेने जाते. म्हणून प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र चमचा आणि प्रत्येक द्रवाला स्वतंत्र ड्रॉपर असावा. साखरेची पूड विकत न घेता साखर दळून घ्यावी, कारण विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून अनेकदा स्टार्च मिसळलेला असतो आणि तो आयोडीनला लगेच प्रतिसाद देतो. साखर फार बारीक दळू नये आणि मीठ तर मुळीच दळू नये. त्याचे स्फटिक शाबूत राहिले पाहिजेत.

सुरक्षिततेचे नियम तपास सुरू होण्यापूर्वीच सांगावेत. कोणताही पदार्थ चाखायचा नाही, मग तो मीठ किंवा साखर असल्याची कितीही खात्री वाटो. वास घ्यायचा झाल्यास भुकटी नाकाजवळ न नेता हाताने हवा आपल्याकडे हळूच ओढून घ्यायची. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. आयोडीनचे डाग कपड्यांवर आणि कातडीवर पडतात, तसेच काहींना आयोडीनची ॲलर्जी असते, याची आधीच चौकशी करावी. ओल्या प्लास्टरमध्ये बोटे बुडवू नयेत, कारण ते घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि जाड थरात हात अडकल्यास भाजण्याइतकी ती वाढू शकते.

चाचण्यांचा क्रम

आधी ज्ञात पदार्थ तपासावेत आणि अज्ञात भुकटीला त्यानंतरच हात लावावा. मुलांना हा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण ‘निळा-काळा रंग आला’ या निरीक्षणाला अर्थ येतो तो कॉर्नफ्लोअरचा रंग आधी पाहिलेला असतो म्हणूनच. प्रत्येक चाचणीसाठी भुकटीचा नवा भाग घ्यावा. एकाच वाटीत एकामागून एक द्रव ओतत गेल्यास कोणत्या द्रवामुळे काय घडले, हे सांगता येत नाही.

सुरुवात भिंगाने करावी. मिठाचे अखंड कण घनाकृती दिसतात, साखरेचे कण चकाकणारे पण तिरप्या कडांचे असतात, तर खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लोअर आणि प्लास्टर यांची पूड साध्या भिंगातून पाहिल्यास फारसे काही सांगत नाही. कॉर्नफ्लोअर दोन बोटांत दाबल्यावर करकरते, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग पाण्याची चाचणी. सुमारे 20 मिलिलिटर पाण्यात पाव चमचा भुकटी टाकून ढवळावे, लगेच निरीक्षण नोंदवावे आणि तो पेला न हलवता दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवून पुन्हा पाहावा. मीठ, साखर आणि सोडा विरघळतात. मिठात ओल धरू नये म्हणून मिसळलेल्या द्रव्यांमुळे त्याचे पाणी कधीकधी किंचित गढूळ दिसते, तेवढ्यावरून ‘विरघळले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात विरघळत नाही. पाणी दुधाळ होते आणि काही वेळाने पांढरा थर तळाशी बसतो. प्लास्टरही सुरुवातीला असेच दिसते, म्हणून त्याची आणखी एक परीक्षा घ्यावी: दोन चमचे भुकटीत एक चमचा पाणी घालून दाटसर लगदा करावा आणि बाजूला ठेवावा. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे अंशतः पाणी काढून घेतलेले जिप्सम. पाणी परत मिळताच त्याचे पुन्हा जिप्सम होते आणि लगदा दगडासारखा घट्ट बनतो. कॉर्नफ्लोअरचा लगदा झटक्याने दाबल्यास कडक लागतो, पण सोडून दिला की पुन्हा वाहू लागतो. ही वाट पाहण्याची मिनिटे अनेक गट गाळतात आणि मग कॉर्नफ्लोअर व प्लास्टर यांच्यात अखेरपर्यंत गोंधळ राहतो.

लिटमसची चाचणी लवकर आटोपते. सोड्याचे द्रावण सौम्य आम्लारिधर्मी असल्याने लाल लिटमस निळसर होतो; मीठ, साखर आणि कॉर्नफ्लोअर उदासीन असतात.

व्हिनेगरचे पाच-सहा थेंब टाकल्यावर सोडा जोराने फसफसतो, कारण व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल आणि सोडियम बायकार्बोनेट यांच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. येथे एक सूक्ष्म फसवणूक होते. कोरड्या भुकटीवर कोणताही द्रव पडला की कणांमध्ये अडकलेली हवा दोन-चार बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि उत्सुक डोळ्यांना तीही ‘अभिक्रिया’ वाटते. यावर उपाय सोपा आहे. शेजारच्या वाटीत त्याच भुकटीवर तेवढेच थेंब साध्या पाण्याचे टाकावेत. दोन्ही वाट्यांत सारखेच बुडबुडे आले, तर ते व्हिनेगरमुळे आलेले नाहीत. ही तुलनेची वाटी संपूर्ण तपासातील सर्वांत महत्त्वाची सवय आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि तिच्यासाठी वेळ कमी पडत असेल तर एखादी दुसरी चाचणी खुशाल वगळावी.

आयोडीनचा एक थेंब कॉर्नफ्लोअरवर पडताच गडद निळा-काळा रंग येतो, कारण आयोडीन स्टार्चच्या मळसूत्री रेणूंच्या आत सामावते. इतर चार पदार्थांवर थेंबाचा पिवळसर तपकिरी रंग तसाच दिसतो किंवा फिकट होतो. ही चाचणी कागदावर करू नये. अनेक कागदांना गुळगुळीतपणा यावा म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि मग भुकटी निर्दोष असूनही कागद निळा पडतो.

एक जोडी उरते

एवढ्या चाचण्यांनंतर तक्त्याकडे पाहिले, तर सोडा, कॉर्नफ्लोअर आणि प्लास्टर वेगळे झालेले दिसतात, पण मीठ आणि साखर यांचे रकाने जवळजवळ सारखे असतात. दोन्ही विरघळतात, दोन्ही उदासीन असतात आणि दोन्हींवर व्हिनेगर व आयोडीन यांचा काहीही परिणाम होत नाही. ‘काहीच घडले नाही’ या निरीक्षणाने कोणाचीही ओळख पटत नाही, हे विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष अनुभवता येते. भिंगातून दिसणारा आकार हा एक पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. त्याला विद्युतवहनाची जोड द्यावी. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि सुमारे 470 ओहमचा रोधक यांचे साधे परिपथ करून दोन तारांची टोके द्रावणात बुडवावीत. मिठाच्या द्रावणात आयन म्हणजे विद्युतभारित कण असल्याने एलईडी पेटतो, साखरेच्या द्रावणात पेटत नाही. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यातच करावे, कारण नळाच्या पाण्यातील क्षारांमुळेही थोडी वीज वाहते. टोके काही सेकंदच बुडवावीत. आणि घरगुती विजेचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

उत्तर कसे ठरवावे

आता अज्ञात भुकटी त्याच क्रमाने तपासावी. समजा ती फसफसली. बहुतेक गट तत्काळ ‘खाण्याचा सोडा’ असे लिहून मोकळे होतात. पाचच शक्यता आहेत असे आपण आधीच ठरवलेले असल्यामुळे हे उत्तर खेळात बरोबर ठरेलही, परंतु फसफसण्याने प्रत्यक्षात एवढेच सिद्ध होते की, नमुन्यात कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट आहे. चुनखडीची पूड फसफसते, धुण्याचा सोडा फसफसतो, बेकिंग पावडरही फसफसते. फळ्यावरचे काही खडू फसफसतात आणि काही फसफसत नाहीत, कारण सर्वच खडू कॅल्शियम कार्बोनेटचे नसून बरेचसे जिप्समचे असतात. म्हणून ‘या चाचणीत जे बसत नाहीत त्यांना वगळा’ अशी विचाराची दिशा ठेवावी. एक चाचणी संशयितांची यादी लहान करते. नाव ठरते ते अनेक चाचण्यांचे निकाल एकाच पदार्थाशी जुळल्यावर.

हे पटवून देण्यासाठी दुसऱ्या तासिकेत अज्ञात नमुना म्हणून बेकिंग पावडर द्यावी. ती व्हिनेगरमध्ये फसफसते आणि आयोडीनने निळी-काळीही होते, म्हणजे ज्ञात पाचांपैकी कोणाशीच तिचे निकाल जुळत नाहीत. काही गट ‘आमचे काहीतरी चुकले’ असे म्हणतील, काही गट ‘सोडा आणि कॉर्नफ्लोअर यांचे मिश्रण’ असे सांगतील. दुसरे उत्तर पुष्कळच चांगले आहे. त्यांना मग पाण्याच्या वाटीकडे पुन्हा पाहायला लावावे. सोडा आणि कॉर्नफ्लोअर यांचे साधे मिश्रण नुसत्या पाण्यात शांत राहते, बेकिंग पावडर मात्र पाण्यातच फसफसते, कारण तिच्यात सोड्याबरोबर कोरड्या रूपातले आम्लधर्मी क्षारही असतात आणि पाणी मिळताच त्यांची अभिक्रिया सुरू होते. ज्या वाटीला मुले केवळ तुलनेची समजत होती, तिनेच निर्णायक पुरावा दिलेला असतो.

निष्कर्ष लिहिताना ‘चोर सापडला’ एवढे न लिहिता कोणत्या निरीक्षणांवरून कोणते पदार्थ वगळले, कोणता पदार्थ उरला आणि कोणती शंका अजून शिल्लक आहे, हे पूर्ण वाक्यांत लिहून घ्यावे. निरीक्षणाच्या रकान्यात ‘सोडा आहे’ असे नव्हे, तर ‘जोराने बुडबुडे आले, अर्ध्या मिनिटाने थांबले’ असे लिहिलेले असावे. ‘निश्चित सांगता येत नाही’ हे उत्तर कारणांसह दिले असेल, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. पुरावा इतरांना पुन्हा दाखवता आला पाहिजे, ही अटही खऱ्या तपासातूनच आलेली आहे: जेम्स मार्श या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने एका विषप्रयोगाच्या खटल्यात आर्सेनिक ओळखले होते, परंतु ज्युरीसमोर येईपर्यंत नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला, त्यानंतर त्याने आर्सेनिकचा टिकाऊ, चकाकता थर देणारी चाचणी शोधली आणि ती 1836 मध्ये प्रसिद्ध केली. वर्गातील वाट्या म्हणूनच निष्कर्षांची चर्चा संपेपर्यंत क्रमांकांसह तशाच ठेवाव्यात आणि एका गटाचा निकाल दुसऱ्या गटाने त्याच नमुन्यावर पडताळून पाहावा. पाकीट त्यानंतरच उघडावे.

आवराआवर करताना मीठ, साखर आणि सोड्याची द्रावणे भरपूर पाण्याबरोबर ओतून द्यावीत. प्लास्टर मात्र, ओले असो वा कोरडे, मोरीत टाकू नये. ते नळीतच घट्ट होऊन बसते. ते वाटीतच वाळू द्यावे आणि कडक झाल्यावर काढून कचऱ्यात टाकावे. टेबल ओल्या फडक्याने पुसून सर्वांनी साबणाने हात धुवावेत.